डेटा सांभाळणं एकट्या आयटीचं काम नाही

व्यवस्थापनाच्या चर्चांमध्ये एक सल्ला सतत फिरत असतो: डेटाची शिस्त हे आयटीचं काम. चांगलं सॉफ्टवेअर घ्या, एक डेटा अधिकारी नेमा आणि बाकीच्यांना आपापलं काम करू द्या. सगळ्यांवर जबाबदारी टाकली की ती कुणाचीच उरत नाही. यातलं शेवटचं वाक्य चटकन पटतं, आणि त्याच्या आडून बाकीचं सगळं खपून जातं.

आधी आयटीचं पाहू. सर्व्हर चालू ठेवणं, बॅकअप घेणं, कुणाला काय दिसावं ते ठरवून देणं हे त्यांचं काम, यात वाद नाही. पण अमुक गट नंबरच्या जमिनीत सोयाबीन उभं आहे की तूर, हे सर्व्हरला कळणार कसं? महाराष्ट्रात सातबारा संगणकावर गेला तेव्हा हस्तलिखित आणि संगणकीय उताऱ्यांत तफावती राहिल्या. त्या शोधायला 2017 साली गावोगाव चावडी वाचन झालं. उतारे लोकांसमोर वाचून दाखवले गेले, कारण नाव चुकलंय की क्षेत्र कमी लागलंय हे खातेदारच सांगू शकत होते. डिजिटल सहीचा सातबारा 1 मे 2018 ला आला, तो त्यानंतर.

सॉफ्टवेअरचं म्हणाल तर इंग्लंडमध्ये काय घडलं ते आठवा. 25 सप्टेंबर ते 2 ऑक्टोबर 2020 या काळातले 15,841 कोरोनाबाधित रोजच्या आकडेवारीत आलेच नाहीत. प्रयोगशाळांकडून आलेली माहिती एक्सेलच्या जुन्या फाइल-प्रकारात भरली जात होती. त्यात 65,536 ओळींपुढे जागाच नसते. उरलेल्या ओळी गळाल्या. रुग्णांना त्यांचे निकाल कळले होते, पण त्यांच्या संपर्कातल्या माणसांचा शोध रखडला. पाठवलेल्या नोंदी आणि पोहोचलेल्या नोंदी रोज जुळवून पाहणारं कुणी असतं, तर हे इतके दिवस चाललं नसतं असं मला ठामपणे वाटतं.

‘कायद्यापुरता एक अधिकारी पुरे’ हेही खरं नाही. आपल्याकडचा वैयक्तिक डेटा संरक्षणाचा 2023 चा कायदा जबाबदारी टाकतो ती संस्थेवर. माणसाविषयी निर्णय घ्यायला त्याची माहिती वापरणार असाल, तर ती पूर्ण आणि अचूक असावी हेही त्यात आहे. सुरक्षेत कसूर झाली तर दंड 250 कोटींपर्यंत.

आता ते पटणारं वाक्य. जबाबदारी मोघमपणे वाटून दिली तर ती कुणाचीच राहत नाही, हे अगदी खरं. म्हणून ती नेमकी वाटून द्यायची. सातबारावरच्या नोंदीतला बदल, म्हणजे फेरफार, कसा होतो पाहा: तलाठी नोंद धरतो, संबंधितांना नोटीस जाते, हरकतीला 15 दिवस मिळतात, मग मंडळ अधिकारी ती प्रमाणित करतो. इतके हात लागतात, तरी कुठल्या टप्प्याला कोण उत्तरदायी हे स्पष्ट असतं. कंपनीतही हे जमतं. ग्राहकाचा पत्ता विक्री विभागाने भरायचा, बिलिंगने पडताळायचा, आणि ‘सक्रिय ग्राहक’ कुणाला म्हणायचं ते दोघांनी बसून एकदाच लिहून ठेवायचं.

लोकांना यासाठी वेळ नसतो, ही तक्रार मात्र रास्त आहे. तो वेळ वरिष्ठांनी कामाच्या तासांतच धरला पाहिजे, आणि महिन्याच्या कामगिरीत चूक दाखवून देणाऱ्याचं नाव यायला हवं.