वायपरला रॉकेल, काचेला तंबाखू

मृगाचे वेध लागले की जुन्या फोर बाय फोरवाल्यांच्या फोनवर एक मेसेज हटकून येतो. मजकूर थोडक्यात असा : ‘दरवर्षी वायपर ब्लेड बदला म्हणणं हा कंपन्यांचा धंदा आहे. रबराला रॉकेल चोळा, कड पॉलिश पेपरने घासा, आठवड्यातून एकदा कोरड्या काचेवर वायपर चालवा, गाडी उभी करताना ब्लेड धरणारा आर्म उचलून ठेवा. बदलायचेच झाले तर बिनसांगाड्याचं, एका पट्टीचं फ्लॅट ब्लेड टाका, कायमची कटकट मिटेल. आणि भर पावसात वायपर बंद पडला, तर काचेवर तंबाखू चोळा.’ खाली ‘जिप्सीवाल्यांनी जरूर वाचा’ अशी तळटीप. मग मारुतीची जिप्सीच समोर ठेवून बोलू.

धंद्याचा आरोप निम्मा खरा आहे. जिप्सीच्या सपाट काचेवर चालणाऱ्या लोखंडी सांगाड्याच्या ब्लेडमध्ये बऱ्याचदा नुसतं रबर बदलता येतं. दुकानदार ‘रिफिल’ म्हणून देतो, पण मागितलं तरच. सांगाड्याचे सांधे मोकळे हलत असतील आणि गंज नसेल, तर अख्खं ब्लेड टाकायची गरज नाही. जुनं रबर ओढून काढताना त्यातल्या दोन पोलादी पट्ट्या कुठल्या बाजूला वाकलेल्या आहेत ते बघून ठेवा. त्या उलट्या बसल्या तर नवं रबरही मधूनच उचललं जातं. पैसे वाचवायचे तर ते इथे वाचतात. रबराला मात्र वर्ष-दीड वर्षापलीकडे ताणू नये. गाडी दिवसभर उन्हात उभी राहत असेल तर त्याच्याही आधी ते कडक होतं.

रॉकेल चोळल्यावर रबर काळंभोर आणि मऊ दिसतं, म्हणून लोकांचा विश्वास बसतो. तो मऊपणा म्हणजे रबर फुगलेलं असतं. नैसर्गिक रबर पेट्रोलियम तेल शोषून घेतं, फुगतं आणि कड वेडीवाकडी होते. शिवाय तेलाचा पातळ थर काचेवर पसरतो. दिवसा तो जाणवत नाही; रात्री समोरून ट्रक आला की सगळी काच पांढरी होते. गंज सोडवायच्या स्प्रेचंही तेच. रबर ओल्या फडक्याने पुसा, फडकं काळं यायचं थांबेपर्यंत. तेवढं पुरतं.

पॉलिश पेपर हा त्याहून वाईट सल्ला. वायपरचं रबर पाणी कापतं ते त्याच्या काटकोनी, धारदार कडेने. कारखान्यात ती कड नेमकी कापलेली असते आणि रबर काचेवर सहज सरकावं म्हणून वरचा थर खास प्रक्रिया केलेला असतो. पेपर फिरवलात की धार गोल होते आणि तो थरही जातो. पहिले दोन दिवस काच स्वच्छ दिसते, कारण वरची घाण निघालेली असते. पुढे कड पाणी पुसत नाही, नुसतं पसरवते.

कोरड्या काचेवर वायपर चालवणं? ताम्हिणीतून किंवा आंबोलीहून आलेल्या गाडीच्या काचेवर काय बसलेलं असतं ते बोटाने चाचपून बघा. ती बारीक लाल माती रबराखाली सापडली की काचेवर अर्धगोल चरे उठतात, आणि ते ब्लेड बदलून जात नाहीत. आधी बाटलीभर पाणी ओता, मग वायपर.

आर्म उचलून ठेवायची सवय बर्फाच्या देशातली. तिथे रबर काचेला गोठून चिकटतं. आपल्याकडे गाडी सावलीत लावावी. उचललेला आर्म कुणाच्या धक्क्याने काचेवर आपटला तर काच तडकू शकते. रबर बदलतानाही काचेवर जाड टॉवेल अंथरावा, तो याचसाठी.

मेसेजमध्ये आर्मचा उल्लेख एवढाच, आणि जुन्या गाडीत खरं दुखणं तिथेच असतं. पंधरा-वीस वर्षं झालेली स्प्रिंग सैल पडते. गावात वायपर ठीक चालतो, हायवेवर वेग वाढला की वाऱ्याने ब्लेड उचललं जातं. दोन्ही आर्म हाताने उचलून बघा. एक लोण्यासारखा वर आला तर गडबड त्यात आहे. वायपर एका दिशेने गुपचूप आणि परतताना थडथडत असेल, तर बहुतेक वेळा आर्म पिळलेला असतो. ब्लेड काढून बघा, आर्मचं टोक काचेला समांतर हवं. नसेल तर फडकं गुंडाळून पान्याने हळूच सरळ करा. दोन्ही ब्लेड चालताना डगमगत असतील तर मोटर आणि आर्म जोडणाऱ्या दांड्यांचे, म्हणजे लिंकेजचे, बुश झिजलेत. आर्म स्पिंडलवरून, म्हणजे तो ज्या दातेरी खुंटीवर बसतो तिच्यावरून, काढण्याआधी वायपर नेहमीच्या जागी थांबू द्या आणि ब्लेडच्या जागेवर काचेला टेप लावा, नाहीतर बसवताना एखादा दातरा चुकतो आणि ब्लेड काचेच्या फ्रेमवर आपटत राहतं.

हे न बघता फ्लॅट ब्लेड टाकून काय होणार? त्याची पट्टी मुळात बाकदार काचेसाठी वाकवलेली असते. जिप्सीच्या सपाट काचेवर, त्यातून स्प्रिंग सैल असेल तर, टोकं दाबली जातात आणि मधला पट्टा, म्हणजे नेमका नजरेसमोरचा, ओला राहतो. लांब ब्लेडचा मोहही नको. मोटरवर उगाच ताण येतो.

राहता राहिली तंबाखू. ट्रकवाले पिढ्यानपिढ्या हे करतात, बटाटाही चोळतात, आणि ते चालतं. पाण्याचे थेंब न होता पातळ पापुद्रा पसरतो आणि आरपार दिसतं. पण थोडा वेळच. जोराच्या सरीत ते धुऊन जातं. तेवढ्यात गाडी घाटातून खाली, टपरीपाशी आणावी आणि फ्यूज बघावा. तंबाखू रबराला पर्याय नव्हे. केंद्रीय मोटार वाहन नियमांत, 101 क्रमांकाच्या नियमात, चालू वायपर सक्तीचा आहे आणि पंधरा वर्षांनंतर नोंदणी वाढवायला गाडी तपासणीला न्यावीच लागते.