दिवाणातलं लाकूड

नागपुरात पाइप कोरायचं लाकूड वाळवायला काय लागतं, असं वाटणाऱ्याने एक ओला ठोकळा मे महिन्यात गच्चीवर ठेवून बघावा. वाळतो. फाटतोही.

तंबाखूचा पाइप ज्याचा करतात ते ब्रायर भूमध्य समुद्राकाठचं झुडूप. त्याच्या बुंध्याशी धरलेली गाठ कापतात, तासन्‌तास उकळतात आणि महिनोन्‌महिने सावलीत ठेवतात. एवढ्या लाडाकोडात वाढलेल्याला आपण दाखवतो काय, तर नवतपा, मेअखेरचे ते नऊ होरपळते दिवस!

वरचा थर आधी सुकून आकसतो, आतली ओल हटायला तयार नसते. या ओढाताणीत वरचा थर तडकतो. चीर वरून दिसली तर नशीब. बरेचदा ती पाइपची वाटी अर्धी कोरून झाल्यावर दर्शन देते.

म्हणून लाकडाला घरातली सगळ्यांत आळशी जागा हवी. माळा बाद, वर स्लॅब तापते. कूलरसमोर तर मुळीच नको: चालू असला की पावसाळा, बंद केला की उन्हाळा. माझ्या मते दिवाणाला तोड नाही. रजया आणि कधीच न वापरलेला डिनर सेट यांच्यामधे प्रत्येक ठोकळा खाकी पिशवीत. प्लास्टिक नको, बुरशी येते. ठोकळ्यावर पेन्सिलीने तारीख आणि वजन.

दर रविवारी स्वयंपाकघरातला काटा मागायचा. तो तर्रीच्या मसाल्यासाठी आहे, हे दर रविवारी ऐकायचं. 152, 149, 147, 146 ग्रॅम; मग तीन आठवडे 146 च राहिलं की झालं. जुलैत ते 150 दाखवेल. काटा बिघडलेला नसतो, लाकूड हवेतलं पाणी पितं. नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात उघड्या लाकडातली ओल 4-5 टक्क्यांवर येते, झडीत 15 च्या आसपास जाते. कोरायला काढायचं ते दिवाळीनंतर.

हात बसवायला मी संत्र्याची छाटलेली फांदी सांगेन. पण ती अख्खी ठेवू नका. लाकूड गाभ्याच्या दिशेने आकसतं त्याच्या जवळपास दुप्पट घेराच्या बाजूने आकसतं, म्हणून गाभ्यापासून चांदणीसारखं तडकतं. त्याच दिवशी गाभ्यातून उभी चिरा, दोन्ही टोकं वितळलेल्या मेणबत्तीत बुडवा. टोकांतून पाणी सगळ्यांत झपाट्याने पळतं. लांबी दोन्हीकडे 5 सेंटिमीटर जास्त धरा, तेवढी वाया जाणारच. इंचभर जाडीला वर्ष, हा ढोबळ हिशेब. तोवर शेजारचे काकाजी विचारतील, "काय भाऊ, सरपण कायले जमवून राहिले?" पाइपसाठी म्हणाल तर बोअरचा भाव सांगतील.

पिशवीच्या तळाशी पिठासारखी भुकटी दिसली तर भुंगा लागलाय. तो ठोकळा ताबडतोब बाहेर, बाकीचे झटकून बघायचे, दिवाणही लाकडाचाच आहे.

डिसेंबरात पारा 10 वर आला की रजया निघतात आणि खाली 22 खाकी पिशव्या सापडतात. वजनांची वही तेवढी दुसरीकडे ठेवा. रद्दीत पहिली तीच जाते.