टाइमशेअर घ्यायचाय? मग थेट कंपनीकडूनच घ्या

ठाण्यात राहून अजून टाइमशेअर (एकरकमी पैसे आणि वर दरवर्षी शुल्क भरून, २५ वर्षं वर्षातून एक आठवडा रिसॉर्टमध्ये राहण्याचा हक्क) घेतला नसेल, तर चूक तुमचीच. मॉलच्या दारात त्या चकचकीत गाडीशेजारी पेटी असते, तिच्यात तुम्ही चिठ्ठी टाकली नसणार, किंवा नंबर मुद्दाम चुकीचा लिहिला असणार. खरा लिहा. दोन-चार दिवसांत फोन येतो, "अभिनंदन सर, तीन दिवस दोन रात्री फ्री! फक्त मॅडमना घेऊन या, दोघं एकत्र पाहिजेत हं." मॅडम कशाला, हे विचारू नका. 'घरी विचारून सांगतो' हे मराठी माणसाचं शेवटचं हत्यार, आणि ते दारातच काढून घेतात.

आता सोसायटीतला कोणी शहाणा (तोच, वार्षिक सभेत सिंकिंग फंडावर उठून बोलणारा) सांगेल की रीसेलमध्ये, म्हणजे जुन्या मेंबरकडून घ्या, निम्म्याहून कमी पैशांत मिळतं. ऐकू नका. रीसेलमध्ये विकणारा कळव्याचा गृहस्थ समोर बसतो, चहा देतो आणि "मे महिन्यात काही कधी मिळालं नाही हो" असं खरं बोलून मोकळा होतो. शिवाय त्या जाहिराती! 'तातडीने विकणे', 'किंमत बोलून ठरवू', 'मोजून दोनदा वापरली'. २५ वर्षांच्या सुखाला एवढी माणसं विटलेली पाहून मन खचतं.

थेट खरेदीत असं काही नाही. घोडबंदर रोडचा ट्रॅफिक पार करून हॉटेलच्या हॉलमध्ये पोहोचलात की सगळे आनंदातच. पोरांना खडू देऊन कोपऱ्यात बसवलेलं. कोणी सही केली की घंटा वाजते, टाळ्या पडतात. कोऱ्या कागदावर एक मुलगा ७ लाख लिहितो. मग मॅनेजर येतो, लाल पेनाने ७ खोडतो, ५ करतो आणि खाली दोन रेघा ओढतो: "फक्त आज." उद्या का नाही, असं विचारायला तोंड उघडावं तर तोंडात पनीर टिक्का.

इथे एक पथ्य पाळा, मोबाइलवरचा कॅल्क्युलेटर उघडू नका. समजा, ते ५ लाख ७ टक्क्यांनी बँकेत ठेवले, तर वर्षाला ३५ हजार व्याज. त्यात वार्षिक शुल्काचे, समजा, २० हजार घाला. ५५ हजार झाले. सात रात्रींनी भागलं तर रात्रीला साडेसात हजारांच्या वर पडते, आणि मुद्दल जागच्या जागी. एवढ्यात कुठलंही बरं हॉटेल हवं त्या तारखेला मिळेल, हा विचार मनात आणणं म्हणजे यजमानाच्या घरी जेवून भाजीला नावं ठेवणं. वार्षिक शुल्क दरवर्षी वाढतं, तेही आज कशाला काढायचं?

सीझनचा रंग मात्र नीट निवडा (वर्षातले आठवडे मागणीप्रमाणे रंगांत वाटलेले असतात). सगळ्यात महागडा रंग घेतला तरच दिवाळी आणि मे मिळतो. म्हणजे मागता येतो. मिळणं उपलब्धतेवर. ही कल्पना १९६०च्या दशकात फ्रेंच आल्प्समध्ये निघाली, दरवर्षी ठरल्या आठवड्यात बर्फावर घसरायला जाणाऱ्यांसाठी. आपल्याला शाळेचा निकाल, साल्याचं लग्न आणि ऑफिसची रजा यांतून आठवडा काढायचा असतो, पण तो आपला दोष.

तरीही रीसेलचंच खूळ असेल, तर निदान चौकशी करू नका. थकलेलं शुल्क कोणाच्या माथी, हस्तांतराची फी किती, वर्षं किती उरली, रिसॉर्ट बदलून घेण्याची सोय नव्या मालकाला मिळते का, हे कंपनीकडून लेखी मागितलंत की व्यवहाराची गंमतच जाते. चार आण्याची कोंबडी घ्यायची तर बारा आण्यांचा मसाला नंतरच कळावा.

युरोपात सही केल्यावर १४ दिवसांत कारण न देता माघार घेता येते आणि तोवर आगाऊ पैसे घ्यायला बंदी आहे. आपण इतके भित्रे नाही. करारात माघारीची मुदत असलीच तर ती बारीक अक्षरात असते, म्हणून चष्मा घरी ठेवून जा. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे कंपनीचं ऑफिस कुठेही असो, तुम्ही राहता तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, हेही कोणाला सांगू नका.

पाचेक वर्षांनी तुम्हीच विकायला काढाल. मग एक गोड आवाज फोन करेल, "काका, गिऱ्हाईक तयार आहे, तुमच्या किमतीलाच घेतंय. फक्त एनओसीचे १८ हजार आधी भरा, चेकसोबत परत मिळतील." तुमचं नाव, मेंबरशिपचा नंबर, रंग, सगळं त्याला पाठ असेल. एवढी आपुलकी कोण दाखवतं हल्ली? भरून टाका. आठवड्याने दुसरा फोन येईल, आता जीएसटीचा.