‘पोट कापलं की जन्मभर पेज’: फिरत्या मेसेजला उत्तर

वजन कमी करण्याच्या ऑपरेशनबद्दलचा एक मेसेज फॅमिली ग्रुपांवर पुन्हा फिरून राहिला आहे. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: पोट कापलं की जन्मभर पेज आणि सूप, चार-पाच वर्षांत वजन जसंच्या तसं परत, आयुष्यभर गोळ्या, म्हणजे शरीर पोखरलंच, हा आळशी लोकांचा शॉर्टकट, त्यापेक्षा सकाळी कोमट पाण्यात लिंबू-मध घ्या. शेवटी ‘जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोहोचवा’. माझं गॅस्ट्रिक बायपास (जठराची लहानशी पिशवी करून ती थेट पुढच्या आतड्याला जोडतात, ते ऑपरेशन) होऊन बराच काळ लोटला आहे, तेव्हा एकेक मुद्दा घेते.

आधी पेज. पातळ खाणं असतं, पण सुरुवातीचे काही आठवडे. पाणी, मग सूप आणि वरणाचं पाणी, मग मऊ कालवलेलं, मग घरात सगळे जेवतात तेच. बायपासमध्ये वर ठेवलेली जठराची पिशवी सुमारे ३० मिलीची असते. वर्षं जातात तशी ती थोडी सैलावते, पण पूर्वीचं पोट परत मिळत नाही. म्हणजे बदलतं ते खाण्याचं माप आणि क्रम.

तर्री पोह्यांचंच घ्या, म्हणजे वर चण्याचा तिखट रस्सा घातलेले पोहे. प्लेट आली की मी आधी चणे खाते, तर्री चमचाभर, मग पोह्यांचे चार-पाच घास, बाकीचे नवऱ्याकडे. कारण जागा थोडी आणि प्रथिनं मात्र दिवसाला निदान ६० ग्रॅम हवीत. अंड्यात ६ ग्रॅम, वाटीभर घट्ट वरणात ६-७, १०० ग्रॅम पनीरमध्ये १८च्या आसपास. पोह्यांनीच पोट भरलं तर हा हिशेब जुळत नाही. लग्नाच्या पंगतीतही आधी पाटवडी, मग भाजी, सांभारवडीचा (कोथिंबिरीच्या वडीचा) एखादा तुकडा, आणि भात उरला तर उरला. घास बारीक चावायचा, जेवताना पाणी नाही, जेवल्यावर अर्धा तास नाही. वाढणाऱ्या मावशींना हे काही पटत नाही. “काहून वं, तब्येत बरी नाही काय?” हा प्रश्न दरवेळी येतो, आणि पाठोपाठ आग्रहाची पोळी. या ऑपरेशननंतर सगळ्यात चिवट दुखणं म्हणजे आग्रह, असं माझं मत झालं आहे.

त्रास होतो तो संत्रा बर्फीचा. साखर त्या लहान पिशवीतून भरकन आतड्यात उतरते, आतडं पाणी ओढून घेतं, आणि दहा मिनिटं ते अर्ध्या तासात छातीत धडधड, दरदरून घाम, पोटात कळा. याला डम्पिंग म्हणतात. दुसरा प्रकार एक ते तीन तासांनी येतो: इन्सुलिन गरजेपेक्षा जास्त सुटतं, रक्तातली साखर घसरते, हात थरथरायला लागतात. सगळ्यांनाच होतं असं नाही, स्लीव्हवाल्यांना (ज्यांचं जठर नुसतं कापून अरुंद करतात, आतडं तसंच ठेवतात) तुलनेनं कमी. पण ज्यांना होतं त्यांना बर्फीचा मोह आपोआप आवरता येतो.

वजन परत येतं, हे अर्धं खरं आहे. अमेरिकेत युटामध्ये बायपासच्या रुग्णांवर १२ वर्षं लक्ष ठेवलं गेलं. निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. दोन वर्षांनी सरासरी ४५ किलो कमी, बारा वर्षांनी ३५ किलो कमी. म्हणजे दहा किलो परत आले, पस्तीस आले नाहीत. मधुमेहाचंही तसंच: ज्यांना आधी टाइप २ मधुमेह होता, त्यांतल्या ७५ टक्के जणांचा तो दोन वर्षांनी नाहीसा झाल्यासारखा होता, बारा वर्षांनी हे प्रमाण ५१ टक्क्यांवर आलं. मेसेज लिहिणाऱ्याला परत आलेले दहा किलो तेवढे दिसले.

आता गोळ्या. इथे मेसेजनं गोष्ट पार उलटी करून ठेवली आहे. लोह आणि कॅल्शियम मुख्यतः लहान आतड्याच्या पहिल्या भागात शोषलं जातं, आणि बायपासमध्ये अन्न तो भाग टाळूनच पुढे जातं. बी१२ शोषायला जठरातलं आम्ल आणि तिथेच तयार होणारं एक प्रथिन लागतं, तेही कमी पडतं. शरीर पोखरतं ते गोळ्या सोडल्यामुळे. आणि ते लगेच कळत नाही, कारण यकृतात बी१२चा साठा काही वर्षं पुरतो. वजन छान, कपडे नवे, सगळे कौतुक करताहेत, अशा वेळी माणूस गोळ्या बंद करतो. पुढे कधीतरी पायाला मुंग्या, जिभेची आग, जिना चढताना धाप. शाकाहारी घरात बी१२ आधीच काठावर असतं.

गोळ्या घेतानाही मेख असते. दुकानात सहज मिळणारं कॅल्शियम बहुतेकदा कार्बोनेट असतं, त्याला जठरातलं आम्ल लागतं. आमच्यासारख्यांना सायट्रेट बरं. लोह आणि कॅल्शियम यांत दोन तासांचं अंतर हवं, आणि लोहाच्या गोळीवर लगेच चहा घेतला तर गोळी निम्मी वायाच. हिमोग्लोबिन, फेरिटिन (लोहाचा साठा), बी१२, डी जीवनसत्त्व, कॅल्शियम, पीटीएच (कॅल्शियमचं प्रमाण सांभाळणारं हार्मोन) या तपासण्या दरवर्षी कराव्या लागतात. वजनकाट्यावर सगळ्यांची नजर असते, लॅबचा रिपोर्ट मात्र कुणी मागत नाही.

शॉर्टकटबद्दल फार बोलायची इच्छा नाही. वर लिहिलेलं रोज, कायमचं पाळायचं असतं. आणि लिंबू-मध: चमचाभर मधात २० कॅलरी, त्यानं ११० किलोचे ७० होत नाहीत.

मेसेजमध्ये नसलेल्या दोन गोष्टी मात्र खरंच जपायच्या असतात. गुडघा दुखला म्हणून आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक मनानं घ्यायचं नाही. अशा वेदनाशामक गोळ्यांनी बायपासच्या जोडावर अल्सर होऊ शकतो. डॉक्टर बदलले की हे आधी सांगायचं.

दुसरी गोष्ट आपला नागपूरचा उन्हाळा. मे महिन्यात पारा ४५च्या पुढे गेला की बाकीचे गटागटा लोटाभर पाणी पितात, आम्हाला ते जमत नाही. त्यात बायपासनंतर लघवीत ऑक्सलेट (ज्याचे खडे बनतात तो घटक) वाढतं, पाणी कमी पडलं की मुतखड्याची भीती. म्हणून बाटली कायम हाताशी, दर काही मिनिटांनी दोन घोट, मग बर्डीत खरेदी असो की इतवारीत. मधून मधून मीठ घातलेलं पातळ ताक. उसाचा रस मात्र नाही, तो डम्पिंगचा पक्का मार्ग आहे.