आत गेला तरी पोटगी फिटत नाही
‘मुलांची पोटगी थकवली की थेट तुरुंग’ असं लेखात म्हटलंय, पण ते इतकं सरळ नाही हो. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली (आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेत १४४) आधी वसुलीचा अर्ज करावा लागतो, तोही रक्कम देय झाल्यापासून वर्षाच्या आत. माझ्या बहिणीला हे कुणी सांगितलंच नाही, वकिलानेही नाही. ७ महिन्यांची रक्कम त्यात अडकली. मग भाच्याच्या बापाच्या नावाने वॉरंट. ते दोनदा ‘इसम पत्त्यावर मिळून आला नाही’ असा शेरा घेऊन परत आलं, आणि इसम त्याच गल्लीत नवी बुलेट पुसत होता! बरं, कैद भोगली म्हणून थकबाकी माफ होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्येच कुलदीप कौर प्रकरणात सांगितलंय. भाच्याची फी सध्या आम्हीच भरतोय.