दुधाचा कप आणि पाच रुपयांचा परवाना

३१ डिसेंबर आला की संध्याकाळी पुण्याच्या गुडलक चौकात व्यसनमुक्तीवाल्यांकडून नेमका माझ्याच हातात मसाला दुधाचा कागदी कप कोंबला जातो. गार झालेलं दूध, वर सायीचा पापुद्रा, तळाशी न विरघळलेली साखर. 'दारू नको, दूध प्या!' अहो काका, मी उभ्या आयुष्यात बिअरचा थेंब घेतलेला नाही. हातात मेथीची जुडी आहे. कुठल्या बाजूने तळीराम दिसतोय मी? पण नाही! बॅनरसमोर उभं करून फोटो काढणारच.

ज्याला खरंच सोडायची गरज आहे, तो तेव्हा वाइन शॉपच्या जाळीतून हात आत घालून उभा असतो. त्याला कोण देतंय दूध? तो शिव्या घालेल ना!

आणि सरकारचं काय विचारता? कायदा १९४९चा, नाव दारूबंदीचं. प्यायची तर परवाना काढा: एका दिवसाचे ५ रुपये, आजन्म हवा तर १०००. बंदीही हवी आणि पावतीही फाडायची! चंद्रपुरात २०१५ साली दारूबंदी करून बाटली आडवी केली, २०२१ मध्ये बंदी उठवून पुन्हा उभी. ड्राय डे म्हणजे तर आदल्या रात्रीची दुप्पट खरेदी. एकीकडे चौकात दूध, दुसरीकडे त्याच रात्री बारना पहाटे पाचपर्यंत मुभा. वा रे व्यसनमुक्ती!

यंदा मी त्या चौकात फिरकणारच नाही. दूध प्यायचंच झालं तर चितळ्यांचं पिईन. घरी, गरम आणि स्वतःच्या पैशाने. आणि फोटो नको.