जुनं विसरा, नवं विकत घ्या

तुमच्या लाडक्या गेमचा नवा भाग आला आणि तुमचा विरस झाला, असं कानावर आलं. दोष तुमचाच आहे. तुम्हाला जुना भाग आठवतो. ही खोड मोडलीत की बाकी सगळं सुरळीत होईल.

मात्र विसरायची वेळ नीट साधा. प्री-ऑर्डर होईपर्यंत आठवणी शाबूत हव्यात. ट्रेलरमध्ये ओळखीची धून वाजली की अंगावर काटा आलाच पाहिजे. कंपनीने किंमत लावलीय ती त्या काट्याचीच. खात्यातून पैसे कापल्याचा मेसेज आला, की मग झटकन विसरायला लागा.

सरावाला सिमसिटी हा गेम घ्या. १९८९पासून लोक आपापल्या खोलीत एकटेच शहरं वसवत होते. रस्ते, वीज, कर सगळं मार्गी लावायचं आणि कंटाळा आला की स्वतःच्याच शहरावर संकट सोडायचं. मार्च २०१३मध्ये नवा सिमसिटी आला आणि एकट्याने खेळायलासुद्धा कंपनीच्या सर्व्हरशी जोडलेलं राहणं सक्तीचं झालं. सर्व्हरने पहिल्याच दिवशी मान टाकली. महापौर व्हायला आलेली माणसं लॉगिनच्या रांगेत ताटकळली. (नागरी जीवनाचं इतकं हुबेहूब चित्रण मालिकेत आधी कधी झालं नव्हतं, हे मान्य करायला हवं.) ज्यांना आत प्रवेश मिळाला त्यांना जेमतेम दोन किलोमीटर लांब-रुंद भूखंड मिळाला. सर्व्हरवरचा ताण कमी व्हावा म्हणून खेळाचा सगळ्यात जलद वेगही काही काळ काढून घेतला गेला.

गेम बनवणाऱ्या मॅक्सिस स्टुडिओचं म्हणणं असं, की बरीचशी आकडेमोड सर्व्हरवर होते, ऑफलाइन करणं सोपं नाही. लवकरच एका मॉडरने, म्हणजे गेममध्ये फेरफार करणाऱ्या हौशी माणसाने, जोडणी तोडून दाखवली, तरी शहर आपलं चाललंच होतं. वर्षभराने कंपनीनेच ऑफलाइन मोड दिला. आधी का जमत नव्हतं, असं विचारू नका. विचारायचं तर आठवावं लागतं.

मनस्तापाची भरपाई म्हणून ईएने, म्हणजे सिमसिटी विकणाऱ्या कंपनीने, आठ गेमची यादी पुढे केली, त्यातला एक फुकट. त्या यादीत होता सिमसिटी ४, सन २००३चा! म्हणजे जुनं कंपनीलाही आठवत होतं. तिने आठवलं की ती भरपाई असते, तुम्ही आठवलंत की ती कुरकुर.

योगायोग वाटत असेल तर जीटीएचं, म्हणजे रॉकस्टार कंपनीच्या ‘ग्रँड थेफ्ट ऑटो’ मालिकेचं बघा. तिच्या व्हाइस सिटी आणि सॅन आंद्रेआस या भागांवर आपल्याकडची एक पिढी सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजत मोठी झाली. चीट कोड वहीच्या शेवटच्या पानावर असायचे. नोव्हेंबर २०२१मध्ये तीन जुने भाग नव्या रंगरंगोटीत एकत्र आले. चित्रं मोठी करण्याचं काम सॉफ्टवेअरकडे सोपवलं होतं, त्यामुळे दुकानांच्या पाट्यांवरचं स्पेलिंग बिघडलं. ‘टफ नट डोनट्स’ नावाच्या दुकानावर बोल्टला लावायचा षटकोनी नट होता, त्याचे कोपरे गुळगुळीत होऊन तो गोल झाला. नावातली गंमतच गेली. मुळात धुक्यामुळे सॅन आंद्रेआस अख्ख्या राज्याएवढं वाटायचं. धुकं हटवलं आणि उंचावरून या टोकाचं त्या टोकाला दिसू लागलं. आपण इतकी वर्षं एवढ्याशा अंगणात हरवत होतो होय!

तुम्हाला विसरायला त्रास होऊ नये म्हणून जुन्या आवृत्त्या आधीच ऑनलाइन दुकानांतून काढून टाकल्या होत्या. इतकी काळजी सख्खे नातेवाईकही घेत नाहीत. मग बोंब झाली, रॉकस्टारने माफी मागितली, आणि कंपनीच्या दुकानातून पीसीवर नवा संच घेणाऱ्यांना भेट काय मिळाली? तेच जुने तीन गेम.

आता तुम्ही म्हणाल, मोठ्या कंपन्या अशाच, आपण छोट्यांकडे जाऊ. जरूर जा. मार्च २०१५मध्ये ईएने मॅक्सिसचा एमरीव्हिलचा स्टुडिओ बंद केला आणि त्याच महिन्यात फिनलंडच्या कोलोसल ऑर्डरच्या डझनभर माणसांनी सिटीज: स्कायलाइन्स आणला. सिमसिटीवर रुसलेल्यांनी तो डोक्यावर घेतला. हीच आपली माणसं, असं ठरलं. ऑक्टोबर २०२३मध्ये आपल्या माणसांचा दुसरा भाग आला आणि महागडी ग्राफिक्स कार्डं धापा टाकू लागली. लोकांनी आत डोकावून पाहिलं, तर शहरातल्या नागरिकांच्या तोंडात दात अगदी तपशिलात घडवलेले. विमानाच्या उंचीवरून खेळायच्या गेममध्ये! मार्च २०२४मध्ये समुद्रकिनाऱ्याच्या नावाने विकतची पुरवणी आली. घरं होती, ताडामाडाची झाडं होती. किनारा तेवढा राहून गेला होता. पुढे पैसे परत करावे लागले. परक्याने फसवलं की माणूस शिव्या देतो. आपल्याने फसवलं की चार हजार शब्दांचा अभिप्राय लिहितो.

तुम्ही तो लिहू नका. त्यापेक्षा स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानाचा नियम पाठ करा: खरेदीला चौदा दिवस व्हायच्या आत आणि दोन तासांहून कमी खेळला असाल, तर पैसे परत. मालिकेशी ज्याचं काही देणंघेणं नाही, तो वीस मिनिटांत वैतागतो, अर्ज करतो, मोकळा होतो. खरा चाहता मात्र ‘थोडं पुढे गेलं की बरं होत असेल’ म्हणत तिसऱ्या तासात शिरतो.